कुंपणातला चहा

आई गेल्या वर्षी ह्यूस्टनला आली होती तेव्हाची गोष्ट. शनिवारच्या शेतकरी बाजारात एका स्टॉलवर नवरा-बायको आणि त्यांची कॉलेजातली मुलगी कसल्यातरी पाल्याचा चहा कागदी कपातून चाखायला देत होते. आईने कप राहू दिला बाजूला, आधी टेबलावर शोभेला ठेवलेली डहाळी उचलली, पान उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "अरे, हे आपल्या दारात लावलंय तेच ना?" मी म्हटलं काहीतरीच काय. तर तेच निघालं. योपॉन! आमच्या अख्ख्या कॉलनीत घराघरापुढे गोल गोल कापून ठेवलेलं झुडूप, वाढलं की सोसायटीची नोटीस येते म्हणून मी सहा वर्षं माळ्याला पैसे देऊन छाटतोय आणि मग पन्नास मिनिटं गाडी मारून इंडियन स्टोअरमधून आसामचा चहा आणतोय.

त्या बाईंनी मग सगळं सांगितलं. वडिलोपार्जित जमिनीवर योपॉनचं नुसतं रान माजलेलं, सासऱ्यांनी दोनदा बुलडोझर लावला तरी मुळापासून परत फुटलं. टेक्सासमध्ये २०११ साली जो भयंकर दुष्काळ पडला त्यात राज्यभरात ३० कोटींच्या आसपास झाडं वाळून गेली, पण ह्यांच्याकडे योपॉन हिरवंगार. ना पाणी ना खत. तेव्हा यांनी शोधायला घेतलं की हे आहे तरी काय. आता पानं तोडतात, वाळवतात, काही घरच्या ओव्हनमध्ये कमीजास्त भाजतात, एवढाच कारखाना.

कॅफीन असलेल्या मोजक्याच झाडांपैकी हे एक, दक्षिण अमेरिकेत ज्याचा पाला चहासारखा पितात त्या 'येर्बा माते' झाडाचं भावंड. इथले मूळ रहिवासी कधीपासूनचे पितात. सेंट लुईसजवळ कहोकिया नावाचं जुनं शहर होतं, तिथल्या मडक्यांना लागलेला अंश तपासला तर असल्याच पेयाच्या खुणा मिळाल्या, मडकी साधारण इ.स. १०५० ते १२५० ची, आणि झाड तर तिथे उगवतच नाही, म्हणजे पाला शेकडो मैलांवरून येत असणार. सेमिनोल या इथल्या मूळ जमातीचा पुढारी ओसिओला, त्याचं मूळ नाव असी-याहोला, त्यातला 'असी' म्हणजे याच पाल्याचं काळं पेय.

मग सगळे विसरले कसे? बरीच कारणं असतील, पण नावाने घात केला हे नक्की. १७८९ मध्ये लंडनच्या क्यू बागेतल्या एटन साहेबांनी शास्त्रीय नाव ठेवलं आयलेक्स व्हॉमिटोरिया, म्हणजे सरळ सरळ ओकारीचं झाड! का, तर शुद्धीच्या विधीत लोक हे घटाघटा पिऊन उलट्या करायचे असं गोऱ्यांनी लिहून ठेवलेलं. पाल्यात तसं काहीही नाही. आपल्याकडे आयुर्वेदातल्या वमनात ज्येष्ठमधाचा काढा पोटभर पाजतात म्हणून ज्येष्ठमधाला कोणी ओकारीमूळ म्हणेल का? त्या बाई हसत म्हणाल्या, पाकिटावर लॅटिन नाव आम्ही छापतच नाही.

अर्थात मी आसामच्या चहाच्या नावाने काय बोलणार, तोही तिथल्या रानातलाच. सिंगफो लोक तो आधीपासून पीत होते, १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस तिथे पोचला आणि 'शोध' त्याच्या नावावर लागला.

घरी आल्यावर आईने आपल्या पद्धतीने आलं, साखर, दूध घालून दणकून उकळला. दुधात अगदीच पाणचट लागला, रंगही धड आला नाही. नुसता मात्र झकास, आणि गंमत म्हणजे कितीही उकळा, कडवट होत नाही कारण टॅनिन अगदी कमी. गॅसवर चहा ठेवून फोनवर बोलत बसणाऱ्या आमच्या घराला हा वरदानच आहे म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी बघतो तर आई कात्री घेऊन कुंपणापाशी, पाटिओवर जुनी साडी अंथरलेली, कुरडयांसारखं वाळवण घालायचं म्हणून. मी धावत जाऊन थांबवलं, गेल्याच महिन्यात त्यावर कीटकनाशक मारलंय. (लाल फळं तर चुकूनही खायची नाहीत, ती पक्ष्यांना सोडायची.) ती जाम हिरमुसली. मग नर्सरीतून दोन रोपं आणून मागच्या अंगणात लावली, आईनेच आळी केली.

आता ती साताऱ्याला परत गेलीये. व्हिडिओ कॉलवर आधी नातवाला बघते आणि मग म्हणते, फोन जरा मागे घेऊन जा, फुटवा आलाय का दाखव.