तीन खण आणि अर्धा आड

सोलापुरातलं आमचं घर सहा खणांचं, मागे आड. माझे दादा, म्हणजे आजोबा, आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघांच्या नावावर. थोरले, म्हणजे आमचे बडे दादा, 1949 मध्ये कराचीला गेले. जरा निवळलं की येतो, असं सांगून गेले होते. पण तिकडून परत यायला 1948 च्या जुलैपासूनच परमिट लागत होतं, 1952 पासून पासपोर्ट. ते आलेच नाहीत. कराचीत एवढंच पोचलं की धाकट्यानं अख्खं घर स्वतःच्या नावावर करून घेतलं.

नावावर करून घेतलं हे खरं. कसं, ते कुणी सांगितलं नाही. पाकिस्तानात गेलेल्याची मालमत्ता 1950 च्या कायद्यानं कस्टोडियनकडे, म्हणजे सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जायची. घर सामाईक असेल तर गेलेल्याचा हिस्सा वेगळा काढायचे, त्यासाठी 1951 चा आणखी एक कायदा होता. आमच्याकडे माणसं आली, टेप लावून मोजलं आणि कागदावर लिहिलं: तीन खण आणि अर्धा आड. तो हिस्सा परक्याच्या हाती गेला असता तर अंगणात भिंत उभी राहिली असती. दादा गिरणीत कामाला. त्यांनी सख्ख्या भावाचा हिस्सा सरकारकडून हप्त्यांनी विकत घेतला. दादीच्या पाटल्या त्यातच गेल्या.

हे त्यांनी पत्रात कधीच लिहिलं नाही. असलं काही पाकिस्तानात कळवलं तर पोलीस दारात येतील, ही भीती. ती भीती मला समजते, तरीही दादांचं चुकलंच असं मला वाटतं. 1965 च्या युद्धात टपाल बंद पडलं आणि मग दोन्हीकडून कुणी लिहिलं नाही.

2016 मध्ये माझ्या पुतणीनं फेसबुकवर बडे दादांची नात शोधून काढली. तिच्या आईचा, म्हणजे आमच्या फुप्पीचा (आत्याचा), फोन आला. ती म्हणाली, ‘एकदा अब्बांचं घर बघायचंय.’ तिचे भाऊ मात्र बोलायलाही तयार नव्हते.

व्हिसाला दीड वर्ष गेलं. इकडून आम्ही हमीपत्र द्यायचं, त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का, सोबत लाइट बिल, आधार कार्ड. तिकडे भारताचं कराचीतलं वकिलातीचं ऑफिस 1994 मध्येच बंद झालेलं, म्हणून अर्ज इस्लामाबादला. पहिला अर्ज आमच्याच चुकीनं परत आला. जुन्या कागदांत ‘शोलापूर’, मी लिहिलं ‘सोलापूर’, मेळ बसेना. नवं हमीपत्र, पुन्हा सही. व्हिसा शहरापुरताच मिळायचा, त्यामुळे गावाचं नाव नीट लिहिणं फार महत्त्वाचं. ज्यांना कधी हे करावं लागेल त्यांनी आधी तेवढं बघावं.

2018 च्या जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, ती आली. थर एक्स्प्रेसनं खोखरापार-मुनाबाव ओलांडून जोधपूर, तिथून पुण्यामार्गे सोलापूर. 24 तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करायची होती, म्हणून स्टेशनवरून घरी, घरून लगेच तिकडे. तिथल्या साहेबांनी तिला आधी खुर्ची दिली, चहा मागवला. जन्म कराचीचा, पण चहात साखर विचारली तर फुप्पी म्हणाली, ‘नक्को.’ हा शब्द ती तिच्या अब्बांकडून शिकली होती.

रात्री माझ्या अब्बांनी पत्र्याची पेटी काढली. पावत्या सुतळीनं बांधलेल्या, कडा तपकिरी. एकेक उलगडून ते सतरंजीवर मांडत गेले. फुप्पीला इंग्रजी वाचता येत होतं. तिनं मोजणीचा कागद चष्म्याजवळ धरला. वडिलांचं नाव, पुढे ‘इव्हॅक्यूई’, म्हणजे देश सोडून गेलेला, खाली तीन खण, अर्धा आड. कितीतरी वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, ‘अब्बा मरेपर्यंत चाचांना चोर म्हणत होते.’ आमचे अब्बा म्हणाले, ‘आणि माझे अब्बा मरेपर्यंत गप्प बसले.’ त्यानंतर दोघं भाकरी आणि शेंगाचटणी खात पहाटेपर्यंत बोलत होते. मी मध्ये गेलो नाही.

जाताना तिनं पावत्यांच्या झेरॉक्स नेल्या. मूळ कागद न्या म्हणालो तर तिनं अब्बांच्याच हातात परत ठेवले.

2019 च्या ऑगस्टमध्ये गाडी बंद झाली. त्याआधी एका शुक्रवारी अब्बांचा फोन वाजला. फुप्पीचा थोरला भाऊ, जो दोन वर्षं बोलायला तयार नव्हता. सलाम-दुआ झाली, मग दोघंही अडखळले. शेवटी त्यानं विचारलं, ‘आडाला पाणी आहे?’

अब्बांनी उत्तर दिलं नाही. फोन माझ्याकडे देऊन ते मागे गेले, रहाट सोडला, आणि मी फोन आडाच्या काठावर धरला. बादली पाण्यावर आपटली. तिकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही, मग तो म्हणाला, ‘भाईजान, अजून एकदा.’