ज्वारी ग्लुटेनमुक्त, पण गिरणीचं काय?

एक किलो ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली की ते पीठ ग्लुटेनमुक्त उरत नाही. ग्लुटेन म्हणजे गहू, जव अशा धान्यांतलं चिकट प्रथिन. हिशेब सोपा आहे. कणकेत साधारण ८ ते ९ टक्के ग्लुटेन असतं, म्हणजे पाव ग्रॅममध्ये २० मिलिग्रॅमच्या आसपास. पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' छापायला एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, घातलेली मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमचीच आहे. सिलिअ‍ॅक (ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो आजार) असलेल्या बहुतेकांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसतं. रोज ५० मिलिग्रॅम पोटात जात राहिलं तर काही महिन्यांत आतड्याचं अस्तर बिघडतं, हे तपासून पाहिलेलं आहे. आणि एका फुलक्यात सुमारे २,००० मिलिग्रॅम असतं. 'एका घासाने काय होतंय' म्हणणाऱ्या नातेवाइकांना हा आकडा सांगावा. त्यांच्या एका घासात आठवड्याभराची मर्यादा सहज ओलांडली जाते.

खायचं काय, हा प्रश्न मराठी घरात फारसा अवघड नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी यांत मुळात ग्लुटेन नाही. उपवासाचं ताट तर जवळजवळ पूर्ण चालतं. अडचण असते ती हे धान्य शेतातून ताटापर्यंत कुठून कुठून येतं त्याची.

पहिला अडथळा पोत्यातच. ज्वारीच्या पोत्यात गव्हाचे दाणे सापडतात, कारण खळं, पोतं, मापं, दुकानातला फावडा सगळं सामाईक असतं. गव्हाचा एक दाणा सुमारे ४० मिलिग्रॅमचा, त्यात ३ मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन. किलोभर ज्वारीत असे सहा-सात दाणे राहिले तरी मर्यादा गाठली. म्हणून धान्य परातीत पातळ पसरून, उजेडात, एकेका मुठीने निवडायचं. ज्वारीचा दाणा गोल आणि गव्हाचा लांबट, त्यामुळे ते सोपं जातं. निवडून झाल्यावर दोन पाण्यांत धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, म्हणजे वर बसलेली पिठाची धूळ जाते. ओलसर राहिलं तर दळताना पीठ गरम होऊन जाळीला चिकटतं, म्हणून दाताखाली कडक लागेपर्यंत वाळवणं आवश्यक. ओट्सच्या बाबतीत हे निवडणं घरी जमण्यासारखं नाही. साधे ओट्स गहू आणि जवासोबतच पिकतात, वाहून येतात, त्यामुळे 'ग्लुटेन फ्री' छापलेलं पाकीट नसेल तर नकोत. तसं असलं तरी निदानानंतर पहिले काही महिने टाळलेले बरे, कारण काही जणांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.

दुसरा आणि सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे कोपऱ्यावरची गिरणी. 'आमच्याकडे ज्वारीची चक्की वेगळी आहे' असं गिरणीवाला खरंच सांगत असतो. पण दगडांच्या फटींत, धान्य ओततो त्या तोंडात, खाली बांधलेल्या कापडी पिशवीत आधीचं पीठ साठून असतं आणि शेजारच्या चक्कीतून उडणारी कणीक दिवसभर सगळ्यावर बसत असते. सकाळी पहिला नंबर लावून काही साधत नाही, आदल्या दिवशीचं पीठ तिथंच असतं. आधी दोन किलो तांदूळ दळून टाकले तर प्रमाण कमी होतं, पण किती कमी झालं ते कळायला मार्ग नाही. माझं मत स्पष्ट आहे: सामाईक गिरणीचं पीठ सिलिअ‍ॅकच्या माणसाला देऊ नये, मग ते नाचणीचं असो की बेसन. हाच नियम सुट्या बेसनाला, तांदळाच्या पिठीला आणि दुकानात दळून मिळणाऱ्या उपवासाच्या भाजणीलाही लागू.

घरघंटी घेतली तर ती फक्त ग्लुटेनमुक्त धान्यासाठी राखून ठेवा आणि घरचे गहू बाहेर दळायला पाठवा. बरीच घरं नेमकं उलट करतात: घरघंटीवर आधी गहू, मग 'पुसून' ज्वारी. ब्रशने पोहोचता येत नाही अशा जागा आत पुष्कळ असतात, त्यामुळे गहू दळलेली जुनी घरघंटी या कामाला घेऊ नये. यंत्राचा खर्च झेपत नसेल तर मिक्सरचं वेगळं कोरडं भांडं आणि वेगळी चाळणी घेऊन दोनशे-दोनशे ग्रॅम दळा, मधे भांडं थंड होऊ द्या. पीठ थोडं जाडसर राहतं, पण उकड काढली की भाकरी होते. जुनं जातं असेल तर त्यावर पूर्वी काय दळलं जायचं ते घरातल्या आजींना विचारा.

पिठानंतर हिंग, आणि तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. बाजारातली हिंगपूड म्हणजे हिंगाचा चीक, डिंक आणि पीठ. ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. पाव चमचा पूड सुमारे अर्ध्या ग्रॅमची. त्यात निम्मं गव्हाचं पीठ धरलं तर पातेल्यात २० मिलिग्रॅम ग्लुटेन पडलं. चार जणांत वाटलं तर एकाला पाच, पण फोडणी आमटीला, भाजीला, ताकाला आणि रात्री पुन्हा असते. 'भाकरीवर आलो तरी त्रास जात नाही' अशी तक्रार असेल तर आधी हिंगाची डबी उलटी करून घटक वाचा. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. किंवा खडा हिंग आणा आणि मुगाएवढा तुकडा चमचाभर कोमट पाण्यात भिजवून ते पाणी वापरा. तो फार उग्र असतो, बेताने. तयार मसाले, लोणची आणि पापड यांतही हिंग असतो, त्यामुळे तोच प्रश्न तिथेही विचारायचा.

मग आपले नेहमीचे पदार्थ, ज्यांत गहू आहे हे आपण विसरूनच गेलेलो असतो. कुरडई गव्हाच्या चिकाची. मेतकुटात मूठभर गहू भाजून घातलेले असतात. थालीपिठाच्या भाजणीतही. सातूचं पीठ जवाचं असो वा गव्हाचं, दोन्ही बाद. रवा, लापशी, शेवया हे वेगळं सांगायला नको. दक्षिण महाराष्ट्रातला खपली गहू मधुमेहींना 'हलका' म्हणून विकतात, पण तोही गहूच, त्यात ग्लुटेन आहे. माल्ट (मोड आणलेला जव) घातलेली दुधात मिसळायची पावडर, माल्ट असलेले कॉर्नफ्लेक्स आणि नेहमीचा सोया सॉसही नको. पाकिटावर घटकांच्या खाली अ‍ॅलर्जीची ओळ असते, ती आधी वाचायची: गहू, जव, राय (गव्हासारखं एक परदेशी धान्य), ओट्स यांपैकी काही घातलं असेल तर ते तिथे देणं बंधनकारक आहे.

भाजणी आणि मेतकूट घरी करायला काही अवघड नाही. भाजणीसाठी दोन वाट्या ज्वारी, एक वाटी बाजरी, एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी हरभरा डाळ, पाऊण वाटी उडीद डाळ, पाव वाटी धणे, एक मोठा चमचा जिरं. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर खमंग भाजायचा. गहू काढल्याने गेलेला चिकटपणा वाढवलेला उडीद भरून काढतो. मेतकुटात गहू नुसते वगळले तरी चव फारशी बदलत नाही.

आता घरातली इतर माणसं पोळ्या खाणार, हे गृहीत धरूया. लाकडी पोळपाट-लाटणं, काथवट, पिठाची चाळणी आणि तवा या चार गोष्टी वेगळ्याच हव्यात. लाकूड आणि बिडाचा तवा पीठ धरून ठेवतात, ओरखडे पडलेली नॉनस्टिक भांडीही. स्टीलचं पातेलं, कुकर, काचेचं भांडं नीट घासून घेतलं की चालतं, फक्त घासणी वेगळी. उकळून, तळून किंवा सॅनिटायझर लावून ग्लुटेन मरत नाही. ते जंतू नव्हे, धुऊनच काढावं लागतं. भाकऱ्या आधी करून, झाकून ठेवायच्या, पोळ्या नंतर. परातीत कणीक मळायला घेतली की पिठी उडते आणि शेजारच्या उघड्या भाताच्या पातेल्यात जाऊन बसते. तुपाच्या भांड्यातला चमचा पोळीला टेकून परत भांड्यात जातो, चटणीचाही, लोण्याचाही. या तिन्हींची छोटी वेगळी भांडी झाकणावर रंगीत टेप लावून ठेवली की रोजची वादावादी वाचते. फळीवर वेगळे डबे वर, कणकेचा डबा खाली.

डब्याचा प्रश्न बहुतेक ठिकाणी भाकरीवर येऊन अडतो: दुपारी ती कडक होते, तुटते. याची कारणं दोन. एक, पीठ जुनं. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांत विरी जाऊन चिरा पाडायला लागतं, बाजरीचं त्याहून लवकर कडू होतं, त्यामुळे एका वेळी आठवड्यापुरतंच दळावं. दुसरं, उकड न काढणं. एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, उकळी आली की एक वाटी पीठ, ढवळून गॅस बंद, पाच मिनिटं झाकण. मग गरम असतानाच पाण्याचा हात लावत चांगलं मळायचं, अगदी लोण्यासारखं होईपर्यंत. लाटायला हवं असेल तर वाटीमागे एक छोटा चमचा इसबगोल पिठात आधीच मिसळा. तो पाणी धरून ठेवतो आणि पोळीसारखी घडी पडते. इसबगोल जास्त झाला तर मात्र पोळी रबरासारखी लागते. भाजल्यावर लगेच फडक्यात गुंडाळून डब्यात भरा. लहान मुलांच्या डब्याला मला आंबोळी जास्त बरी वाटते: तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, एक चमचा मेथी, भिजवून, वाटून, रात्रभर आंबवून. ती संध्याकाळपर्यंत मऊ राहते आणि वर्गात कुणाला वेगळी दिसत नाही.

बाहेर खाताना पदार्थाचं नाव विचारून भागत नाही, तवा आणि कढई विचारावी लागते. डोसा तांदूळ-उडदाचा असला तरी त्याच तव्यावर रवा डोसा झालेला असतो. बटाटावडा बेसनाचा, पण तेलात आधी समोसे तळलेले. साबुदाणावड्याचंही तेच. मिसळीतली शेव बेसनाची, पण तिचंही बेसन, हिंग आणि तेल विचारावं लागतं; फरसाणात तर मैद्याचे तुकडेच असतात. कोकणात आणि गोव्यात तळलेला मासा रव्यात घोळवतात. तांदळाच्या पिठीत, वेगळ्या तव्यावर करून द्या म्हणावं, जमत नसेल तर रस्सा-भात, तोही हिंग आणि मसाला विचारून. सान्नां तांदळाच्या, बेबिंका मैद्याची. फेणीत ग्लुटेन नाही, बिअरमध्ये जव असतो. त्यातल्या त्यात भरवशाचं म्हणजे साधा भात, दही, उकडलेलं अंडं, फळं.

लग्नाच्या पंगतीत घरून जेवून जाणं हाच खरा उपाय. सत्यनारायणाचा शिरा हातात घेऊन घरच्या माणसाला द्यावा, तीर्थ घ्यावं, कुणाचं काही बिघडत नाही. उकडीचे मोदक चालतात, पण पारी फुटू नये म्हणून काही जण उकडीत चमचाभर मैदा घालतात, तेवढं विचारून घ्या. दिवाळीत नव्या तेलात आधी चकल्या, शेव, अनारसे तळायचे; शंकरपाळे आणि करंज्या शेवटी. वसई, गोवा इथल्या ख्रिस्ती वाचकांसाठी: चर्चमध्ये पूर्ण ग्लुटेनमुक्त होस्ती (मिस्सेत देतात ती गव्हाची चकती) कॅथलिक नियमांत बसत नाही, पण अत्यल्प ग्लुटेनची चालते, असं व्हॅटिकनने २०१७ सालच्या पत्रात पुन्हा सांगितलं आहे. फादरांशी आधी बोलून ठेवावं.

परदेशातल्या मराठी मंडळींना लेबलचा आधार जास्त. अमेरिकेत मर्यादा आपल्याइतकीच, किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत. ऑस्ट्रेलियात त्याहून कडक, तपासात ग्लुटेन आढळताच कामा नये. पण भारतीय दुकानातलं ज्वारीचं किंवा बेसनाचं पाकीट बऱ्याचदा गव्हाच्याच कारखान्यात भरलेलं असतं, तेव्हा मागची 'मे कंटेन व्हीट' ही ओळ पाहिल्याशिवाय घेऊ नका. विमानाचं तिकीट काढल्यावर ग्लुटेनमुक्त जेवण, त्याचं चिन्ह जीएफएमएल, आधीच नोंदवावं आणि तरीही पिशवीत राजगिऱ्याच्या वड्या ठेवाव्यात.

तपासणीबद्दल एकच, पण महत्त्वाचं. संशय आल्यावर आधी गहू बंद करून मग डॉक्टरांकडे जाऊ नका. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही गहू चालू असतानाच खरं उत्तर देतात. निदान झालं की आई-वडील, भावंडं, मुलं यांचीही रक्ततपासणी करून घ्यावी, त्रास नसला तरी. पथ्य सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे दूध पचत नाही असं बऱ्याच जणांना होतं, कारण दुधातली साखर पचवणारा थर सुजलेला असतो. तोवर ताक-दही घ्यावं. नुसत्या भातावर राहिलं तर बद्धकोष्ठ होतं आणि लोह, फॉलिक अ‍ॅसिड कमी पडतं. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, ती रोज कशात ना कशात असावी. नव्या गोळीत कोणता स्टार्च आहे ते औषधविक्रेत्याला विचारा, पण उत्तर मिळेपर्यंत चालू औषध स्वतःहून थांबवू नका. टीटीजी सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा पाहतात. आकडा उतरायला वेळ लागतो. वर्षानंतरही तो तसाच असेल, तर हिंगाची डबी आणि गिरणी, याच क्रमाने शोध सुरू करा.