जुन्या पिकअपला मोठं इंजिन: ह्यूस्टनमधला माझा उन्हाळा

कराडला काकांच्या गॅरेजात पेट्रोलची जुनी जीप यायची आणि आठ-दहा दिवसांनी डिझेल इंजिन घालून बाहेर पडायची. लोखंडी तिपाई, तिला लटकलेली चेन कप्पी, आणि खाली आम्ही पोरं पाने हातात द्यायला. या उन्हाळ्यात तसलंच काम मी इथे ह्यूस्टनला घरच्या गॅरेजमध्ये केलं, माझ्या १९९४ च्या शेवरोले सी-१५०० पिकअपवर, आणि घरचे सगळे विचारतायत की एवढा खटाटोप कशाला, नवीन गाडी का नाही घेतलीस, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कारण साधं आहे. गाडीची बॉडी अजून ठणठणीत, गंज कुठेच नाही, फक्त इंजिन सहा सिलिंडरचं, ४.३ लिटरचं. एकट्याने ऑफिसला जायला पुष्कळ झालं, पण मंडळाच्या गणपतीचं सामान, म्हणजे मखर, स्टेजच्या फळ्या, खुर्च्या, हे सगळं ट्रेलरवर लादून एसी चालू ठेवून फ्रीवेवर घुसायचं म्हटलं की गाडीचा जीव जायचा, मागून मोठे ट्रक ताशी ११०-१२० किलोमीटरने येत असतात आणि आपण पाय पूर्ण दाबूनही ८० च्या पुढे सरकत नाही. मागच्या वर्षी शेजारच्या सीटवर माझी मुलगी बसली होती, तिचा चेहरा बघितला आणि तेव्हाच ठरवलं.

आता कुठलं इंजिन घालायचं. इथली तरुण पोरं सरळ नव्या पिढीचं ५.३ लिटरचं व्ही-८ घालतात, १९९९ नंतरच्या सिल्वेराडोमधलं, ताकद २७० हॉर्सपॉवरच्या पुढे. इंजिन भारी आहे यात वादच नाही. पण माझ्या गाडीत त्याला फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन फ्रेमवर ज्यावर टेकतं त्याचे, अडॅप्टर लागणार, वायरिंग नवीन, कॉम्प्युटर नवीन प्रोग्राम करून घ्यायचा, आणि पेट्रोलचा पंपसुद्धा बदलायचा कारण जुन्या सिस्टिमला १०-१२ पीएसआय प्रेशर पुरतं आणि त्याला ५८ च्या आसपास लागतं. इंजिन स्वस्तात मिळालं तरी बाकीच्यात खिसा रिकामा. मी काकांशी फोनवर बोललो तर ते एकच म्हणाले, "अरे, त्याच घरातलं बघ." आणि तेच बरोबर निघालं. हे ४.३ म्हणजे शेवरोलेच्या ५.७ लिटर व्ही-८ मधून दोन सिलिंडर कमी केलेलं इंजिन आहे, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास तोच, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल तीच, गिअरबॉक्सला बसणारे बोल्टही त्याच जागी. आणि कंपनीने याच मॉडेलमध्ये ५.७ पण दिलं होतं. म्हणजे कारखान्यानेच करून ठेवलेली गोष्ट आपण तीस वर्षांनी परत करायची.

इथलं भंगार बघण्यासारखं असतं. मोठ्या मैदानात शेकडो गाड्या रिमवर उभ्या केलेल्या, दोन डॉलर देऊन आत जायचं, आपली हत्यारं आपण न्यायची, हवा तो पार्ट स्वतः खोलायचा, दर बोर्डावर लिहिलेले. पहिल्या गाडीचं ऑइलचं झाकण उघडलं तर आत दुधाच्या कॉफीसारखा फेस, म्हणजे ऑइलमध्ये पाणी, तिथूनच मागे फिरलो. तीन आठवड्यांनी दुसरी ५.७ वाली मिळाली, १९९४ चीच, मागून ठोकलेली. मागून ठोकलेली गाडी म्हणजे सोनं, कारण इंजिन चालू असताना ती गेलेली असते. प्लग काढून बघितले, आठही फिकट तपकिरी, म्हणजे इंजिन नीट जळत होतं, क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) हाताने फिरवला, कुठे अडकला नाही. घेतलं.

आणि इथे मला मनापासून सांगायचंय की फक्त इंजिन घेऊन येऊ नका. मी त्या गाडीची फ्रेमवरची फाउंडेशन, पंख्याचं कव्हर, वायरिंग, कॉम्प्युटर त्याच्या चिपसकट, मॅनिफोल्डपासूनचा पाइप, स्टार्टर, अगदी ब्रॅकेटचे बोल्टसुद्धा पिशव्यांत भरून नाव लिहून आणले. ऑटोमॅटिक गाडीला फ्लायव्हीलच्या जागी जी पातळ प्लेट असते, फ्लेक्सप्लेट, ती व्ही-६ आणि व्ही-८ ची दिसायला सारखी पण बॅलन्सचं वजन वेगळं. चुकून जुनीच लावली तर इंजिन थरथरणार आणि तुम्ही महिनाभर दुसरीकडेच शोधत बसणार. हे सगळे पार्ट तिथे उभं राहून घेतले तर पाच-दहा डॉलरचे, नंतर एकेक नवीन घ्यायला गेलात तर तिथेच बजेट मोडतं.

इंजिन उतरवायला दोन शनिवार-रविवार गेले. आमच्या कॉलनीच्या नियमाप्रमाणे ड्राइव्हवेवर गाडी खोलून ठेवता येत नाही, त्यामुळे गॅरेजचं शटर अर्धं खाली, बाहेर ३८ डिग्री, दमट हवा, घामाने पाना हातातून निसटतो. शेजारी रिटायर्ड वेल्डर आजोबा राहतात, ते रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन येऊन बसायचे, आणि त्यांनीच सांगितलं की एसीचे पाइप सोडू नकोस, गॅस हवेत सोडणं इथे कायद्याने गुन्हा आहे, कॉम्प्रेसर पाइपसकट सोडव आणि दोरीने बाजूला बांधून ठेव. तसंच केलं, गॅस भरायचा खर्चही वाचला. हे लोखंडी व्ही-८ अडीचशे किलोच्या वर जातं, ते हवेत लटकलेलं असताना गाडीखाली हात घालायचा नाही म्हणजे नाही.

बसवून झालं, ऑइल भरलं, स्टार्टर मारला, आणि वरून थ्रॉटल बॉडीतून, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या तोंडातून, फाट् फाट् आवाज आणि धूर. परत मारला, परत तेच. रात्रीचे साडेदहा, म्हणजे कराडला सकाळ, काकांना व्हिडिओ कॉल लावला. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना स्क्रीनवर नीट दिसत नाही, म्हणून ते फक्त ऐकत होते. दुसऱ्याच फटक्याला म्हणाले, "थांब लेका. एक नंबरचा प्लग काढ आणि भोकावर अंगठा ठेव." पुढचा पुलीचा बोल्ट पान्याने हळूहळू फिरवत गेलो, अंगठ्याखाली हवा दाबायला लागली, पुलीची खूण शून्यावर आली, आणि प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं तर आतला फिरता रोटर बरोबर उलट्या बाजूला, सहा नंबरकडे तोंड करून. खूण जुळली होती, पण स्ट्रोक चुकला होता. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो, त्यामुळे खूण दोनदा येते, आणि त्यातली खरी कुठली ते अंगठाच सांगतो. उचलून अर्धा फेरा फिरवून बसवला, आणि पहिल्याच सेल्फला इंजिन धरलं. "आता बोलतंय," काका म्हणाले. मी बराच वेळ फोन बॉनेटखाली धरून उभा होतो.

नंतर तपकिरीवर काळी रेघ असलेली एक वायर सोडवून टायमिंग लाइटने ठिणगीची वेळ शून्यावर सेट केली, वायर परत जोडली, झालं.

कागदपत्रांचं विचाराल तर आपल्याकडे आरसीवर इंजिन नंबर असतो, इंजिन बदललं की आरटीओची परवानगी. इथे टेक्सासमध्ये मालकीचा कागद चासी नंबरवर, आणि धुराची टेस्ट २४ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला नाही. कॅलिफोर्नियात असतो तर १९७६ पासूनच्या पेट्रोल गाडीला टेस्ट लागते आणि इंजिन बदललेली गाडी वेगळ्या तपासणीला न्यावी लागते, त्यामुळे तिकडे राहणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

खर्च: इंजिन ३८०, भंगारातले बाकी पार्ट २४०, नवीन रेडिएटर १६०, पॅकिंग सेट, वॉटर पंप, प्लग, वायरी, ऑइल मिळून ३१०, सायलेन्सरवाल्याचं वेल्डिंग २२०. उचलायची क्रेन जुनी १५० ला घेतली आणि १४० ला विकली. एकूण १,३२० डॉलर. मजुरीसकट एका गॅरेजने सहा हजार सांगितले होते. ॲव्हरेज पडलं, आता गॅलनला १४ मैल, म्हणजे लिटरला जेमतेम सहा किलोमीटर, पण रोज ऑफिसला मी दुसरी गाडी नेतो.

एक काम राहिलंय. क्रँकचं मागचं ऑइल सील मी इंजिन बाहेर असताना बदललं नाही, चांगलं दिसलं म्हणून सोडलं, आणि आता गॅरेजच्या फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढा डाग असतो. सील वीस डॉलरचं, पण आता गिअरबॉक्स उतरवावा लागणार. खाली पुठ्ठा घातलाय. गणपतीचं सामान पोचवून आलं की दिवाळीच्या सुमारास उतरवतो.