सांदणच्या पहिल्या दोरावर एकशे दहा माणसं

सांदण दरी अवघड म्हणून कोणी अडकत नाही. रांगेमुळे अडकतात. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी हे घड्याळ लावून बघायला मिळालं.

अकोले तालुक्यातल्या साम्रद गावापासून दरीचं तोंड चालत जेमतेम वीस मिनिटांवर. आत शिरलं की दोन्ही बाजूंनी उभा कातळ, काही ठिकाणी घळ इतकी अरुंद की समोरून माणूस आला तर अंग चोरावं लागतं. बरेच पर्यटक पाण्याच्या डोहापर्यंत जाऊन परत फिरतात. ज्यांना खाली करोली घाटाच्या पायथ्याला उतरायचं असतं, त्यांना पुढे दगडांचा पसारा पार करून पहिल्या रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून कडा उतरायच्या, टप्प्यावर यावं लागतं. उंची साधारण पंचेचाळीस फूट. घाबरण्यासारखं काही नाही, पण सगळ्यांना इथूनच जायचं असतं.

आम्ही साडेनऊला पोचलो तेव्हा पुढच्या ग्रुपचे पस्तीस जण एकाच दोरावर उतरत होते. आमचे अठ्ठावीस. मागून आणखी दोन ग्रुप आले, बावीस आणि पंचवीस. एकूण एकशे दहा. एका माणसाला सरासरी पाच मिनिटं धरली तर एका दोरावर साडेपाचशे मिनिटं, म्हणजे नऊ तासांच्या वर. अंधार सातला. खालचे दोन छोटे टप्पे आणि पुढची दगडांची वाट अजून हिशेबात धरलेलीच नाही.

तिथेच चौघा लीडरांनी बसून ठरवलं, ग्रुप विसरायचे. दुसरा दोर लावायचा आणि रांग एकच करायची. दुसऱ्या दोरासाठी दोन स्वतंत्र अँकर, म्हणजे दोर बांधायच्या पक्क्या जागा, घेतले, स्लिंगने म्हणजे मजबूत पट्ट्याने जोडले. स्लिंगच्या दोन बाजूंमधला कोन साठ अंशांच्या आत ठेवला, कारण कोन मोठा झाला की प्रत्येक अँकरवर निम्म्यापेक्षा बराच जास्त भार येतो. दोर साडेदहा मिलिमीटरचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा. कड्याच्या काठाला तो घासतो तिथे जाड गोणपाट. प्रत्येक दोरासोबत सेफ्टीचा दोर वेगळा, बिले देणारा, म्हणजे तो दोर सांभाळणारा, माणूस वेगळा. इथे काटकसर करणारे लीडर मी पाहिलेत. त्यांच्यासोबत मी माझ्या घरचं कोणी पाठवणार नाही.

पाच मिनिटं जातात कुठे? उतरायला दीडच मिनिट लागतं. बाकीचा वेळ हार्नेस (कंबर-मांड्यांना बांधायचा पट्टा) चढवणं, पट्टे ओढणं, काठावर येऊन ‘दादा, मला नाही जमणार’ म्हणणं, आणि खाली पोचल्यावर थरथरत्या हातांनी कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) सोडवणं यात जातो. म्हणून रांगेतले पुढचे पाच जण कायम हार्नेस घालून, तपासून तयार ठेवले. खाली एक माणूस फक्त सोडवायला उभा केला. त्याने ‘रोप फ्री’ ओरडलं की वर पुढचा लगेच अडकवायचा. अकरापर्यंत साडेतीन मिनिटांवर आलो. असंच चाललं असतं तर दीडला मोकळे झालो असतो.

पावणेबाराला एक मुलगी पंधरा फूट उतरून थांबली आणि ओरडली. केस ‘एट’मध्ये, म्हणजे दोर ज्यातून सरकतो त्या आठच्या आकाराच्या कडीत, गेले होते. सकाळी सगळ्यांचे केस बांधून टी-शर्टच्या आत घातले होते, वरून हेल्मेट. पण दोन तास रांगेत बसलं की माणूस हेल्मेट काढतो, फोटो काढतो, केस मोकळे होतात. तपासणी झाली होती, तासाभरापूर्वी. त्या दिवसापासून तपासणी काठावरच पुन्हा करतो, दोर अडकवायच्या आधी शेवटची.

अशा वेळी खालून हमखास कोणीतरी ‘चाकू द्या’ म्हणतो. भार असलेल्या दोराला पात्याचा नुसता स्पर्श झाला तरी तो फाटतो. केस आणि दोर यांत बोटभर अंतर असताना चाकू काढायचाच नाही. आधी सेफ्टीचा दोर घट्ट करून बिले लॉक केला, तिला दोन्ही हातांनी तो दोर धरायला सांगितलं. मग त्याच दोरावर प्रुसिकची गाठ (भार आला की दोराला घट्ट आवळणारी) आणि पुली लावून तिप्पट ओढ तयार केली. सरळ ओढलं तर काठावरच्या घर्षणात निम्मी ताकद जाते. सहा जणांनी ओढून तिला वीतभर वर घेतलं, ‘एट’वरचा भार गेला, दोर सैल पडला आणि तिने स्वतःच केस बाहेर काढले. पुढे सेफ्टीवरच खाली सोडलं. हे सगळं पंचवीस मिनिटांत. दुसरा दोर मात्र चालूच ठेवला होता. दोन्ही थांबवले असते तर वर पन्नास जणांची गर्दी काठाकडे सरकली असती.

शेवटचा माणूस खाली आला तेव्हा सव्वादोन. त्यानंतरच्या वाटेवर गुडघ्यांची वाट लागते, माणसं ताशी किलोमीटरभरही सरकत नाहीत. शेवटचे लोक दरीतून बाहेर पडेपर्यंत सात वाजले.

आणि तिथे साम्रदची तीन पोरं करोली घाटाने उतरून, टॉर्च आणि पाण्याचे कॅन घेऊन आधीच बसलेली. कोणी बोलावलं नव्हतं. त्यांतल्या एकाच्या घरी सकाळी बऱ्याच जणांचा चहा झाला होता. ‘कप धुतानाच कळलं दादा, शंभराच्या वर हायेत. म्हटलं, अंधार होणार यांना.’

म्हणजे आकडा सकाळी सातलाच गावाला ठाऊक होता, दरीच्या तोंडावर त्याचा कोणाला उपयोग नव्हता. हिशेब सोपा आहे. दोन दोर, ताशी चोवीस माणसं, आठ ते बारा. शहाण्णव होतात, अडचणीसाठी जागा ठेवून ऐंशी धरा. गावात एक वही, ग्रुपला तासातासाच्या अंतराने सोडणं, आणि दोराची टीम गावातल्याच शिकलेल्या पोरांची, रोजाने. पुण्या-मुंबईचे लीडर रविवारी रात्री निघून जातात, ही पोरं कुठे जाणार? चहा-भाकरीवर गावाला मिळतं ते किरकोळ. कौशल्याचे पैसे मिळाले तर दरी सांभाळायलाही कारण राहील. पावसाळ्यात घळीत लोंढा येतो, दरी बंदच असते. प्रशिक्षणाला चार महिने मोकळे.

त्या रात्री खाली डोकी मोजली. एकशे नऊ. पुन्हा मोजली. एकशे नऊच. सकाळी रांग एक केली होती, त्यामुळे प्रत्येक लीडरला वाटत होतं की आपला माणूस दुसऱ्याच्या दोरावरून उतरला. दोघं टॉर्च घेऊन परत दरीत निघाले.

‘लाल टोपीवाला का?’ कॅनवर बसलेल्या पोराने विचारलं. ‘तो डोहातूनच माघारी फिरला. अकराला चहा दिलाय मी त्याला.’