तीन पायऱ्यांचं कोडं: मधली पायरी अखेर सरकली

मागच्या नोंदीत ज्या जुन्या, तीन पायऱ्यांच्या लाकडी नगाला पुस्तकांच्या कपाटाची घोडी ठरवून मोकळे झालो होतो, ती घोडी नाही. तो कमोड आहे! उंच पलंगावर चढायच्या पायऱ्यांच्या वेषातला. मधली पायरी खणासारखी पुढे ओढायची, तिची फळी बिजागरीवर उचलायची, खाली बैठकीच्या पाटाला शौचाच्या भांड्यासाठी गोल भोक. इंग्रजी घरांत असे नग व्हिक्टोरियन काळापर्यंत चांगलेच चालत. आपल्या नगाला विक्रेत्यानं चिठ्ठी लावली होती, ‘गौरीच्या आराशीसाठी उत्तम’. गौराईनंच वाचवलं म्हणायचं.

खूण पहिल्या दिवसापासून समोर होती. पायऱ्यांच्या उंच्या २२, ४४ आणि ६६ सेंमी. ४४ म्हणजे खुर्चीच्या बैठकीची उंची. शिवाय मधल्या पायरीची खोली खालच्या पायरीपेक्षा जास्त. चढण्यापुरत्या पायरीला सुतार एवढं लाकूड घालत नाही.

तीन आठवडे खाल्ले ते पायरी मोकळी करण्यानं. लाकूड फुगलं असेल म्हणून आधी वाळवत ठेवलं, उपयोग शून्य. सागवान इतकं फुगत नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. मग लोहचुंबक फडक्यात गुंडाळून बाजूच्या पट्ट्यांवरून फिरवला. चार जागी पकडला. नग उलटा करून टॉर्च तिरपा मारला तर तारखिळे (तारेपासून केलेले खिळे), डोकी पुट्टीनं बुजवलेली. तारखिळे सर्रास झाले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे पायरी कुणीतरी नंतर कायमची बंद केली. भांडं गेलं, पायऱ्या उरल्या.

असे खिळे उपटायला जाऊ नका. पकडीला टेकू लागतो आणि तो नेमका कडेच्या गोलाईवर येतो. गोलाई तुटली की संपलं. इंचाला ३२ दातांचं हॅक्सॉचं पातं फ्रेममधून काढायचं, एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळून मूठ करायची आणि फटीत सरकवायचं. पात्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या, म्हणजे लाकडावर ओरखडे येत नाहीत. एका खिळ्याला साधारण २० मिनिटं. घाई केली की पातं तापतं आणि दात बसतात. खिळ्यांची उरलेली टोकं आतच राहू दिली आहेत. सरकपट्टीला पांढरी मेणबत्ती घासायची, बस्स. फवाऱ्याचं तेल अजिबात नको. ते लाकडात मुरतं आणि पुढे तिथे चपडा (लाखेचं पॉलिश) धरत नाही.

आता पुढचा प्रश्न: भोक मूळचं की कुणी हौसेनं पाडलेलं? इथे एक जुनी युक्ती कामाला आली. लाकूड धाग्याला (लाकडातल्या रेषांना) आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे जुनं गोल भोक हळूहळू लंबगोल होतं. १५० मिमीचा व्हर्निअर (सरकत्या जबड्यांची मोजपट्टी) इथे पोचत नाही, म्हणून दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर सरकवून क्लिप लावली आणि माप पट्टीवर घेतलं. धाग्याच्या दिशेनं २३० मिमी, आडवं २२७. तीन मिलिमीटर! भोकाची आतली कडही पाटाइतकीच काळवंडलेली. मापं सध्या पावसाळ्यातली आहेत. मे महिन्यात पुन्हा घेणार, तेव्हा फरक वाढायला हवा.

बिजागरीचे स्क्रू काढून पाहिले. टोकं बोथट, डोक्यावरची खाच मध्यापासून सरकलेली. टोकदार स्क्रू १८५० च्या दशकापासून रुळले, त्यामुळे हे त्याआधीचे दिसतात. पण बिजागऱ्या दुसऱ्या नगावरून येऊ शकतात. म्हणून खालची भोकं तपासली: एकच संच, बुजवलेलं काही नाही.

इंग्लंडचा की इकडचा? दर्शनी लाकडावरून ठरवू नका. बाजारात प्रत्येक तांबूस फळीला ‘बर्मा टीक’ म्हणतात. मागची आणि तळाची फळी बघा. विलायती कामात बाहेर महोगनी आणि आत पाईन किंवा ओक असतो. इथे तळाचीही फळी सागाची, तिच्यावर हातकरवतीचे तिरपे, कमीजास्त अंतराचे ओरखडे. ताज्या कापावर भिंगातून वाढचक्राच्या (झाडाच्या वार्षिक वाढीच्या कड्याच्या) सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसते, वास चामड्यासारखा. म्हणजे नमुना विलायती, हात इथले. शहराचं नाव मात्र शिक्का सापडेपर्यंत लिहायचं नाही.

पॉलिश उतरवून नवं करायचा बेत रद्द. मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा ३० सेकंद धरला तर थर चिकट झाला. म्हणजे चपडा आहे, तो जागच्या जागी सुधारता येतो. तयार डब्यातलं पॉलिश जुनं निघालं तर वाळतच नाही, त्यामुळे सुटा चपडाच (पापुद्रे) घ्या. सुटं स्पिरिट मात्र टाळा; पाणी असलं की थर पांढरा पडतो.

पायरीवरचं चामडं काढायचंही थांबवलंय. वरच्या पायरीच्या कडेला चुकांच्या (छोट्या खिळ्यांच्या) भोकांच्या दोन रांगा दिसल्या, म्हणजे सध्याचं चामडं दुसरं. पहिल्याचा एखादा तुकडा चुकेखाली अडकला असेल, तर आधी तो शोधायचा. चिमटा, भिंग आणि पांढरा कागद काढून ठेवलाय.