गिरनारच्या पायऱ्यांवर मावशीचा पाय मोडला तेव्हा

गेल्या जानेवारीत मी आणि माझी मावशी गिरनारला गेलो होतो, दोघीच. मावशी ६४ वर्षांची. दत्तगुरूंच्या पादुकांचं दर्शन घ्यायचं हे तिच्या मनात कित्येक वर्षांपासून होतं, पण काका असताना जमलं नाही, मग गुडघे, मग कोविड, असं करत करत राहूनच गेलं. ऑक्टोबर २०२० ला रोपवे सुरू झाला आणि तेव्हापासून ती माझ्या मागे लागली, की आता वरच्या अंबाजी मंदिरापर्यंतच्या पाच हजार पायऱ्या वाचतात ना, पुढच्या मी चढेन. आणि खरंच चढली. अंबाजीहून गोरखनाथ शिखर, तिथून परत खाली उतरून दत्तशिखर, सगळं स्वतःच्या पायांनी, हातात फक्त पायथ्याच्या भवनाथला भाड्याने घेतलेली काठी. पादुकांसमोर तिला रडू आलं, मलाही आलं.

पडली ती उतरताना. दत्तशिखरावरून खाली आलो, कमंडलू कुंडाकडे जो फाटा जातो त्याच्या जरा अलीकडे, समोरून माणसं येत होती म्हणून ती कडेला झाली आणि पायरीच्या तुटक्या कडेवर उजवा पाय आत वळला. आवाज मला आला नाही, तिला आला म्हणे. ती खाली बसली आणि पहिलं वाक्य काय, तर "काही नाही गं, चल, तू हो पुढे."

दोन मिनिटांत पंधरा माणसं जमली. सगळी चांगलीच होती, कुणी पाणी देतंय, कुणी स्प्रे काढतंय, पण एक काका पुढे आले आणि म्हणाले मुरगळलाय फक्त, मी ओढून बसवून देतो, गावाकडे सगळ्यांचे पाय मीच बसवतो. त्यांनी पाय धरलाही होता. मी आयुष्यात अनोळखी माणसावर एवढी ओरडले नसेन. प्लीज, हे लक्षात ठेवा, कुणालाही ओढू देऊ नका, चोळू देऊ नका, तेलही लावू नका. आत काय झालंय ते एक्सरेशिवाय कळत नाही. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की चार पावलंसुद्धा स्वतःच्या पायावर टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर बोट दाबल्यावर कळ येत असेल तर एक्सरे काढायचाच. मावशीला एक पाऊलही टाकता येत नव्हतं.

मग बुटाची लेस पूर्ण सैल करून हळूच बूट काढला, कारण सूज डोळ्यांदेखत चढत होती. तिची शाल घडी करून घोट्याभोवती उशीसारखी गुंडाळली, दोन्ही बाजूंनी आमच्या दोन काठ्या लावल्या आणि माझ्या ओढणीने दुखऱ्या जागेच्या वर आणि खाली बांधलं, नेमकं दुखतंय तिथे नाही. बोटं उघडी ठेवली, म्हणजे ती गार पडतायत का, निळी पडतायत का ते बघता येतं. हे मला ऑफिसातल्या प्रथमोपचाराच्या ट्रेनिंगमुळे माहीत होतं, तेव्हा मी ते ट्रेनिंग कंटाळत केलं होतं.

डोलीची सोय एका नाशिकच्या मुलाने केली, तो पुढे धावत जाऊन निरोप देऊन आला. तरी डोली यायला दीड तास गेला. गिरनारला डोलीचे दर वजनावर असतात, खाली तर काट्यावर वजन करतात. डोलीवाले आले आणि त्यांनी मला विचारलं, मांजीचं वजन किती. मी बासष्ट-पासष्ट असं काहीतरी पुटपुटले, मावशी बसल्या जागेवरून स्पष्ट म्हणाली, "बहात्तर. त्यांना उचलायचंय, खरं सांग." त्या क्षणी मला कळायला हवं होतं की हिच्याबद्दल हिलाच विचारलं पाहिजे. नाही कळलं.

परत गोरखनाथाची चढण, हे गुजरातमधलं सगळ्यात उंच शिखर, आणि तिथून अंबाजीपर्यंत उतार. बांबूला टांगलेल्या त्या लाकडी पाटावर मावशी डोळे मिटून बसलेली आणि मी मागून दोन पिशव्या घेऊन. सगळा वेळ एकच धास्ती, वारा वाढला तर रोपवे बंद ठेवतात, आणि तसं झालं तर अजून पाच हजार पायऱ्या त्या माणसांच्या खांद्यावर. वारा वाढला नाही. रोपवेने खाली आल्यावर १०८ ला फोन केला, अॅम्ब्युलन्स आली, पैसे घेतले नाहीत.

जुनागढमधल्या एका दवाखान्यात एक्सरे निघाला. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड, फिब्युला, त्याच्या खालच्या टोकाला बारीक फ्रॅक्चर. हाड सरकलं नव्हतं, त्यामुळे ऑपरेशन नको. लगेच पूर्ण प्लास्टर नाही घातलं, सूज वाढायला जागा लागते म्हणून मागून प्लास्टरचा अर्धा स्लॅब आणि वरून बँडेज, पूर्ण प्लास्टर घरी गेल्यावर. पाय छातीपेक्षा उंच ठेवा, बोटं हलवत राहा, मुंग्या आल्या किंवा बोटं निळी झाली तर रात्री-अपरात्री पण या. हे सगळं डॉक्टर माझ्याकडे बघून सांगत होते. मीच होकार देत होते, मीच विचारत होते, आणि मावशी टेबलावर छताकडे बघत पडलेली. हॉटेलवाले, रिक्षावाले, फोनवर आई, सगळे मलाच विचारायचे आणि मी ठरवून टाकायचे. सोमनाथ आणि दीव कॅन्सल, उद्याची गाडी, लाडूताई घ्यायला येईल, मावशी महिनाभर आमच्याकडे राहील. तिला मी फक्त कळवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझं लक्ष तिच्या उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीकडे गेलं. सकाळी मी भरून ठेवली होती. तशीच होती, गळ्यापर्यंत भरलेली, झाकणालाही कुणी हात न लावलेला. चहाही अर्धाच प्यायलेली. मी म्हटलं मावशी पाणी का नाही प्यायलीस, तर आधी म्हणाली तहान नाही. मग खूप वेळाने, भिंतीकडे तोंड करून, "सारखं बाथरूमला न्यावं लागतं तुला. तुझीही यात्रा घालवली मी, निदान एवढं तरी..."

मी तिथेच खाली बसले. ही माझी मावशी, जिने मला सायकल शिकवली, माझ्या बाळंतपणात दीड महिना रात्री जागली. आणि मी काळजी घेण्याच्या नादात तिला सामानासारखं इकडून तिकडे हलवत होते, म्हणून तिला स्वतःचं ओझं वाटायला लागलं होतं. दुखण्यापेक्षा ते ओझं होणं तिला जास्त लागलं होतं.

मग सगळं परत पहिल्यापासून विचारलं. आमच्याकडे राहायचंय की तुझ्या घरी? तिच्या घरी, बाई ठेवून. आजच निघायचं की एक दिवस थांबायचं? थांबायचं, सूज उतरू दे. पाणी प्यायचं का? हो, पण तू बाहेर उभी राहा, दार मी लावणार. हॉटेलवाल्याकडून एक प्लास्टिकची खुर्ची मागून बाथरूममध्ये ठेवली, ती धरून मावशी स्वतः उठायला लागली. बाटली संध्याकाळपर्यंत संपली.

परतीचं तिकीट तत्कालमध्ये काढलं, एसीचं सकाळी १० ला उघडतं, आणि लोअर बर्थ नशिबाने मिळाला. एक सांगते, पाय येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत येणार नाही, खिडकीच्या बाजूला राहील अशा बेताने झोपवा, नाहीतर रात्रभर प्रत्येक जण धडकून जातो. व्हीलचेअर स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात मागितली की मिळते, पण गाडी मोजकीच मिनिटं थांबते म्हणून आधी जाऊन डबा कुठे येतो ते विचारून ठेवलं. डब्यात दोन हमालांनी उचलून चढवलं, कसं धरायचं ते मावशीनेच त्यांना सांगितलं. एक्सरे आणि डॉक्टरांचे कागद सुटकेसमध्ये टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा, बोरिवलीला उतरल्यावर थेट हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा तेच आधी मागितले. मेडिक्लेमचा काही उपयोग झाला नाही, अॅडमिट न होता घातलेलं प्लास्टर बहुतेक पॉलिसीत बसत नाही.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. पाय बारीक झाला होता, व्यायाम अजून चालू आहेत. त्या दोन काठ्या गडबडीत आमच्याबरोबरच घरी आल्या, एक तिच्या पलंगाशी उभी असते, सकाळी तीच धरून गच्चीत फिरते. परवा फोनवर म्हणाली, भवनाथच्या त्या काठीवाल्याच्या काठ्या परत द्यायच्यात आपल्याला, आणि सोमनाथ राहिलंय. मी विचारलं, कधी जायचं? म्हणाली, दिवाळीनंतर, गर्दी कमी झाली की, तारीख मी सांगते.