गाजरगवत कापून जात नाही: माझा अनुभव

इंदुरात घराशेजारचा १५०० चौरस फुटांचा रिकामा प्लॉट गाजरगवतापासून सोडवायला दोन पावसाळे लागले. त्यातला पहिला नुसता तक्रारींत गेला, त्याची चीड अजून आहे.

महापालिकेकडे तक्रार नोंदवणं सोपं होतं. पण दरवेळी झाडं पांढऱ्या फुलांनी भरल्यावरच माणसं यंत्र घेऊन येत, गवत वीतभर ठेवून कापत आणि तक्रार ‘निकाली’ निघे. बुंधा राहिला की त्याला खालून चार-पाच फांद्या फुटतात. महिन्याभरात झाड बुटकं, पण पुन्हा फुलावर. पिकलेलं बी यंत्राने प्लॉटभर उडतं ते वेगळंच. चांगलं पोसलेलं एक झाड दहा हजारांहून जास्त बिया टाकतं, आणि त्या पाण्याबरोबर, टायरच्या चिखलाबरोबर गल्लीभर जातात. उगवल्यापासून फुलापर्यंत चार-सहा आठवडेच मिळतात, त्यातले तीन आमचे वाट पाहण्यात जायचे. तीन तक्रारींनंतर लेखी अर्ज दिला: यंत्र नको, फुलाआधी मुळासकट उपटायला दोन मजूर द्या. उत्तर आलं नाही. शेवटी प्लॉटमालकाला विचारून मजूर आम्हीच लावले.

उपटण्यात सगळं ओलीवर आहे. माळव्याची काळी माती वाळली की मूळ आवळून धरते, झाड वरच तुटतं. चांगल्या पावसानंतर एक-दोन दिवसांनी सोटमूळ अख्खं निघतं. फुलाआधी रोप जमिनीला चिकटून पसरलेलं असतं, पानं थेट गाजरासारखी. कूळ मात्र सूर्यफुलाचं, मूळ अमेरिकेतलं. भारतात ते १९५५च्या सुमारास पुण्यात ठळकपणे नजरेला आलं.

हातमोजे आणि पूर्ण बाह्या आधीच सांगायला हव्या होत्या. यातल्या पार्थेनिन या विषारी द्रव्याने अंगावर पुरळ उठतं, खाज सुटते. दमा असलेल्यांनी फुलावरच्या गवताजवळ जाऊच नये.

एका फेरीत भागत नाही. बी एकदम उगवत नाही, दर पावसाला नवी पिढी येते, म्हणून सप्टेंबरपर्यंत दर वीस दिवसांनी फेरी हवी. फुलाआधीचं गवत शेणकाल्याबरोबर खड्ड्यात कुजवा. फुललेलं असेल तर झाड न झटकता गोणीत भरा, खतात घालू नका.

फरशीच्या सांध्यांत उगवलेल्यावर १ किलो मीठ ५ लिटर पाण्यात विरघळवून कडक उन्हात फवारलं, पानं करपली. बागेत हे करू नका, मिठाने माती बिघडते.

पानांवर पट्ट्यापट्ट्यांचे छोटे भुंगे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकन भुंगे, याच गवतावर जगतात. हिवाळ्यात मात्र मातीत शिरून निजतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर राहू नका.

मोकळ्या झालेल्या जागेत मे महिन्यात टाकळ्याचं बी, इकडे ज्याला चकौडा म्हणतात, दाट फेकलं. पहिल्या सरींबरोबर तो वर आला आणि त्याच्या सावलीत गाजरगवताची रोपं विरळ झाली. यंदाच्या जुलैत पहिल्या फेरीत जेमतेम दोन तगाऱ्या भरल्या.